नेमप्लेटखालचं नाव

झुंबर पगारे मूळचा घोटीकडचा. मिसरूड फुटायच्या आत तो नाशकात आला आणि भांडीबाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून तांब्या-वाट्यांवर नावं घालू लागला. छिन्नी, हातोडी आणि त्याचा हात. नवरीच्या मामाचं नाव असो की बारशाच्या वाटीवरचं आत्याचं, ओळ कधी वाकडी गेली नाही. पुढे तो अंबडच्या एका पंपांच्या कारखान्यात लागला आणि बावीस वर्षं नेमप्लेटा ठोकत राहिला.

तिथेच प्रेस मशीनवर त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनची संरक्षक जाळी महिनाभर मोडून पडली होती. शेठला तीनदा सांगून झालं होतं. शेठ म्हणायचे, "आधी माल निघू दे."

अपघातानंतर अठराव्या दिवशी झुंबर कामावर आला, तर अपघाताच्या रजिस्टरात लिहिलेलं: कामगार दारू पिऊन मशीनवर उभा होता.

झुंबरने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. बाप त्यापायीच गेला होता. तो तडक केबिनमध्ये गेला.

"शेठ, हे खोटं हाय. खोडून टाका."

"कागद आहे रे तो. तुझी नोकरी ठेवलीय ना? आणि तुमच्या वस्तीत कोण पीत नाही, ते तरी सांग."

झुंबर बाहेर आला. पण बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. त्याची मुलगी अंजली, तिची सोयरीक नामपूरला ठरत आली होती. पाहुण्यांनी एवढंच कळवलं, की मुलीच्या बापाबद्दल काही कानावर आलंय. सोयरीक मोडली. बायको सुलाबाई आठ दिवस कुणाच्या दारात गेली नाही. झुंबरने ते सगळं पाहिलं आणि गिळलं. तीन वर्षं तो रोज सकाळी शेठला नमस्कार करायचा आणि रोज मनात म्हणायचा, तुमचीबी वेळ येईल.

ती २०१९ साली आली. चोवीस मोठे पंप परदेशी जायचे होते. शेठने झुंबरला बोलावून नव्या नेमप्लेटा पुढे टाकल्या. त्यांवर रोमानियातल्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं.

"आपल्या काढ, या लाव. आणि गप्प बस."

मालाची तपासणी करणाऱ्या तेजल मॅडम तिशीतल्या, सरळ बोलणाऱ्या. चहाच्या सुट्टीत झुंबरने त्यांना विचारलं, "मॅडम, आपल्या पंपाला दुसऱ्याचं नाव का?"

तेजलने आवाज खाली आणला. "हे पंप मोल्दोव्हाला जाणार. युरोपातल्या देशांचा संघ आहे ना, त्याच्या कुंपणाला लागून हा गरीब देश आहे. असल्या शेजाऱ्यांना संघ पैसा देतो. पाणी आणा, कोर्टं सुधारा, अधिकाऱ्यांना शिकवा. जो जास्त सुधारेल त्याला जास्त."

"फुकट?"

"फुकट कसलं! शेजारी नीट असला की आपलंही घर शांत राहतं, हा त्यांचा हिशोब. पण नियम कडक. त्या पैशातून एवढा मोठा माल घ्यायचा तर तो ठरावीक देशांतलाच हवा. आपला देश त्या यादीत नाही. म्हणून हे रोमानियाचं सोंग."

"आणि पकडलं तर?"

"संघाचं लबाडी शोधणारं वेगळं ऑफिस आहे. कुणीही कळवू शकतं. नाव न सांगतासुद्धा."

झुंबरने चहा संपवला आणि कामाला लागला. जुनी नेमप्लेट काढली की खाली तळहाताएवढी कोरी जागा मिळायची. त्याने घरून भांड्यांची छिन्नी आणली होती. तीन बोटांत हातोडी नीट बसत नव्हती, मनगट भरून यायचं, पण अक्षरं जुनीच उमटली: झुंबर पगारे, अंबड, नाशिक. वर रोमानियाची नेमप्लेट, चारी कोपऱ्यांत रिव्हेट. चोवीस पंप, चोवीस वेळा. शेवटच्या पंपाला तर त्याने तारीखही घातली.

माल निघाल्यावर त्याने अंजलीला संगणकापुढे बसवलं. तिने त्या ऑफिसचा इंग्रजी अर्ज उघडला.

"पप्पा, कारखाना बंद पडला तर?"

"पडू दे. लिही तू. नेमप्लेट काढून बघा म्हणावं."

"नाव न टाकता पाठवते."

"नाव लोखंडावर हाय ना. इथंबी टाक."

सात महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी शेठच्या केबिनमधून ओरडण्याचा आवाज आला. तिकडे तपासनीसांनी रिव्हेट उडवून नेमप्लेटा काढल्या होत्या, आणि ती लिपी कुठली हे शोधायला त्यांना वेळ लागला नव्हता. माल नाकारला गेला, रोमानियाच्या कंपनीने हात वर केले.

संध्याकाळी शेठ स्वतः झुंबरच्या दारात आले. गल्लीतली माणसं बाहेर निघाली.

"झुंबर, बावीस वर्षं तुला पोसलं. का केलंस?"

झुंबर उंबऱ्यातून हलला नाही. "शेठ, मी दारू पितो. नशेत झालं असंल."

शेठचा चेहरा पडला. झुंबर तो डोळे भरून बघत राहिला. गल्लीतल्या कुणीतरी खुदकन हसलं, तेही त्याने ऐकलं. इतकं गोड त्याला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

कारखाना दोन महिन्यांत बंद पडला. झुंबरबरोबर आणखी अकरा जण घरी बसले. त्यांत निसार होता, ओतकामावरचा, जखमी झुंबरला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा. तो भद्रकालीत भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुझं-त्याचं भांडण होतं, झुंबरभाऊ. माझी चूल कशाला विझवली?"

पुढच्या वर्षी तेजलचा फोन आला. ते पंप ज्या गावाला बसायचे होते, त्याच्यासाठी नव्याने निविदा निघाली होती. पाणी यायला आणखी दीड वर्ष लागणार होतं.

सुलाबाई भाकरी थापत ऐकत होती. "म्हंजी तिथल्या बाया अजून डोक्यावरूनच पाणी वाहत्यात?"

"वाहत असतील."

"तुमाला काय वाटतं त्याचं?"

झुंबरने ताट पुढे ओढलं. "निसारचं वाईट वाटतं. त्या बायांचं लय वाटतं." त्याने भाकरी मोडली. "पण शेठ आज परत दारात आला, तर परत तेच करीन."

सुलाबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडे पाहिलंच नाही.