कबरीपाशी नेलेल्या चपला

संडे स्कूलमध्ये पुनरुत्थान शिकवणं मला कधी अवघड वाटलं नव्हतं. बुटाच्या खोक्याची कबर करायची, कुकडी नदीतला एक गोटा तोंडाशी ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी तो बाजूला ढकलायचा. मुलं टाळ्या वाजवायची. त्या वर्षी ईस्टरला गोटा ढकलण्याचा मान मी सहा वर्षांच्या भाचीला, करुणाला दिला. पुढच्याच महिन्यात तिची आई, माझी धाकटी बहीण, काविळीने गेली. एवढी प्रार्थना करूनही ती का गेली, ते मला कळेना. घर पाहुण्यांनी भरलेलं, चहापाणी माझ्याकडे. रडायलाही वेळ मिळाला नाही.

दफनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी करुणाने माझा पदर धरला. हातात पिशवी होती, पिशवीत आईच्या चपला.

"मावशी, चल आईला आणायला. ती अनवाणी आहे. रस्त्याला खडी टोचेल."

येशूची गोष्ट वेगळी, असं सांगणार होते. पण आपणही उठू, हे मीच तिला शिकवलं होतं. तिच्याबरोबर निघाले.

नारायणगावाबाहेरच्या आमच्या कब्रस्तानात सावली नाही. हारातली फुलं सुकली होती. ऊन चढलं तरी करुणा हलेना. "आई आली आणि मी नसले तर?" एवढंच म्हणायची. मी मनात म्हटलं, प्रभू, मला जमत नाही. तूच सांग हिला.

कुंपणापाशी शेळ्या चारणारी एक अनोळखी बाई माझ्यावरच ओरडली, "डोकं फिरलं का तुमचं? लेकराला उन्हात बसवलंय!" मग जवळ येऊन करुणाला म्हणाली, "कुणाची वाट बघती गं?"

"आईची. आज उठणारे."

बाई हसली नाही. शेजारी मातीत बसली. "माझा पोरगा येडगावच्या धरणात गेला. लई वरसं झाली. मी बी वाट बघती."

"तो आला नाही?"

"अजून न्हाई."

"मग तुम्ही इथेच बसता?"

"बसून कसं चालंल? शेळ्या हायेत, सयपाक हाय. वाट घरी बी बघता येती."

करुणाने विचार केला. "चपला इथे ठेवू?"

"कुत्रं न्हेईल. घरी ठेव, दारापाशी."

करुणा उठली. घरी येऊन तिने चपला दारापाशी नीट जोडून ठेवल्या. त्या दुपारी मी पहिल्यांदा रडले.

त्या बाईला देवाने पाठवलं, की ती रोजच्यासारखी शेळ्या घेऊन आली होती, यावर मी वाद घालत नाही. माझ्या हातून होत नव्हतं ते झालं, म्हणून प्रभूचे आभार मानते. आता गोटा ढकलून झाला की मुलांना एवढं जास्त सांगते, की आपली माणसंही उठतील, कधी ते प्रभूलाच ठाऊक. ते 'कधी' त्याच्यावर सोडायला मीही तिथेच शिकले.

करुणा आता कॉलेजला जाते. झाडताना मी चपला उचलते, धूळ झटकते आणि परत दारापाशीच ठेवते.