अक्काचा आवाज गाळणारी सॉफ्टवेअरं

माझी थोरली बहीण मायाक्का लई हट्टी. म्हणून आधीच सांगते, ह्या सगळ्यात माझा दोष थोडा अन् तिचा जास्त. असं मी रोज स्वतःला बजावते, पण मन काय ऐकत न्हाय.

अक्का शुक्रवार पेठेत राहते, एकटीच. तीस वर्षं एका चादरीच्या पेढीवर फोन घ्यायचं काम केलं. मराठी, कन्नड, थोडी तेलुगू. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलंल त्या भाषेत उत्तर. आई गेली तवा आमचा भाऊ प्रभुलिंग तीन वर्षांचा होता अन् अक्का एकोणीसची. तिनं लग्न केलं न्हाय. प्रभ्याला वाढवला, शिकवला, जर्मनीला धाडला. मी धनलक्ष्मी, मधली. मला कुंभारी गावाला देऊन टाकली. माझं कुणी विचारलं न्हाय, पण जाऊ द्या ते.

दीड वर्षापूर्वी अक्काच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक ठेवलंय, श्वास तिथनंच. बोलायला एक मशीन दिलं, लहान बॅटरीएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं अन् ओठ हलवायचे. घूंऽऽ असा एकसुरी आवाज निघतो, त्यातनंच शब्द वळखायचे. समोर बसून सवय झाली की कळतं. मला कळतं.

प्रभ्याला तिनं काय कळवावं? "घशाचं छोटं ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलू नको म्हणतात." झालं! पुढं दीड वर्ष नुसते मेसेज. तो विचारायचा, ही उडवून लावायची. मी भांडले. "अगं, भाऊ हाय तुझा, सांग की त्याला!" तर मशीन लावून म्हणते, "तिकडं एकटा हाय. रडत बसंल." एकटा म्हणे! बायको काय शोभेला हाय? पण माझ्याकडनं शपथ घेतली होती, काय करता.

ह्या मार्चमध्ये प्रभ्याला मुलगी झाली. बारसं एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, तिकडंच. आमच्यात आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. प्रभ्याचा मेसेज आला, "अक्का, आता तरी बोलशील न्हवं? नाव तूच घ्यायचंस. फोन बाळाच्या कानाशी धरतो." अक्कानं मला तो दाखवला. "मीच सांगणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं. तवाच त्याला समदं कळू दे."

"आधी सांगून ठेव," मी म्हटलं. तिनं मान हलवली. न्हाय म्हणजे न्हाय.

तसं बघायला गेलं तर मीपण आत्याच की! सगळे म्हणाले, धना सांगंल नाव, त्यात काय एवढं. खरं सांगते, मलाही वाटलं होतं. पण अक्काला आयुष्यात एवढा एकच मान मागताना बघितलं होतं मी. म्हणून मीच मागं सरले.

फोनवर तिचं कळतंय का ते आधी बघावं म्हणून कुंभारीला जाऊन मी तिचा मोबाईलवरचा कॉल घेतला. फोन लागला, पण पलीकडं काहीच न्हाय. घूं न्हाय, शब्द न्हाय. मला वाटलं हिनं मशीनच लावलं न्हाय, म्हणून मी फोनवरच खेकसले. अन् ती बिचारी तिकडं गळा लाल होस्तोवर बोलत होती.

पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोमशेखर हाय. त्यानं उलगडून सांगितलं. "ही कॉलची सॉफ्टवेअरं पंखा, मिक्सर असला सलग आवाज ओळखतात अन् गाळून टाकतात. अक्कांचा आवाज त्यांना पंखाच वाटतोय." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "मग पंख्यानं कसं बोलायचं, ते सांग!" तो म्हणाला, मोबाईलवर काही चालायचं न्हाय. कॉम्प्युटरवर काही फुकटच्या सॉफ्टवेअरांत हे गाळणं बंद करता येतं, एकेक लावून बघा.

मग सुरू झाली परीक्षा. अक्का शुक्रवार पेठेत तिच्या जुन्या कॉम्प्युटरपुढं, मी कुंभारीला पोराच्या. ती एक सॉफ्टवेअर उतरवायची, मला कॉल करायची अन् एकच शब्द म्हणायची, "धना." मी ऐकलेलं मेसेजवर कळवायचं. ती वहीत लिहून ठेवायची, पेढीवरची सवय! पहिल्यात नुसता "ध" यायचा. मग त्याला पंखा वळखू यायचा अन् "ना" गायब. दुसऱ्याचं नाव तिनं ठेवलं "दीडशहाणं", त्यात तर "ध"सुद्धा न्हाय. तिसऱ्यात गाळणं बंद करायची सोय होती, पण बंद केलं तरी ते आपल्या मनानं परत चालू व्हायचं. चौथ्यात आवाज आला, पण असा चिरफाळलेला की मी कान धरून बसले.

अकरा दिवस गेले, बारशाला तीन उरले. त्या दुपारी मी पेठेत गेले तर अक्का कॉम्प्युटरपुढं रडत होती. स्वरयंत्र न्हाय म्हटल्यावर रडण्यालाही आवाज न्हाय हो तिच्या. नुसतं पाणी वाहतंय अन् गळ्याच्या भोकातनं फुस्स फुस्स श्वास. मी तिला जवळ घेतलं अन् मीच मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी पाचवं लावलं. जुनाट, दिसायला बावळट सॉफ्टवेअर. त्यात "गोंगाट कमी करा" ह्यापुढं बरोबरची खूण होती, ती तिनं काढली. कुंभारीत माझ्या कानात आलं, "धऽनाऽ." घूं करतच आलं, पण आलं! मी ओरडलेच. चार वेळा म्हणायला लावलं, चारी वेळा आलं. वहीत तिनं काय लिहिलं असंल? "पास."

रविवारी मी तिच्याशेजारी बसले. गोंगाट गाळायचा न्हाय म्हटल्यावर घरातलं समदं आत जाणार, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. दोघी घामानं निथळत होतो. कॉल लागला. तिकडं बायकांचा गलका, बाळाचं कुरकुरणं, अन् मग प्रभ्या. "अक्का! बोल की गं!"

अक्कानं मशीन गळ्याला लावलं. "प्रभु."

"अक्का, लई घूं घूं येतंय. मिक्सर लावलाय का कुणी?"

"प्रभु, मी हाय. मी."

"काहीच कळंना बघ. डिस्टर्बन्स हाय नुसता. बाळ दचकून रडायला लागलं. जरा बंद करा की ते!"

अक्कानं मशीन खाली घेतलं. माईक माझ्याकडं वळवला. मी जोरजोरात मान हलवली, तिनं माझं मनगट धरलं अन् नुसते ओठ हलवले, सांग. तिकडं बाळ रडतंय, सगळे थांबलेत. मी माईकपुढं वाकले अन् म्हटलं, "कुर्रर्र... भार्गवी."

टाळ्या वाजल्या. अन् प्रभ्या ओरडला, "आला! अक्का, आला बघ तुझा आवाज! दीड वर्षानं ऐकतोय गं. जरासुद्धा बदलला न्हाय!"

आमच्या दोघींचा आवाज पहिल्यापासून सारखाच. कधी मी पेढीवर फोन घेतला तर गिऱ्हाईकंसुद्धा फसायची. मी खरं सांगायला तोंड उघडलं तर अक्कानं हात ठेवला तोंडावर. वहीत लिहिलं, "हसतोय तो. हसू दे." नाव घेणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, तसा एक अक्कानं माझ्या पाठीत घातला. जोरात. मग हात तिथंच राहिला तिचा.

तवापासून दर रविवारी मी बसनं पेठेत येते, अक्का व्हायला. ती वहीत लिहिते, मी बोलते. तो मला विचारतो, धनक्का बरी हाय का? मी म्हणते, बरी हाय, कामात असते.

परवाच्या रविवारी म्हणाला, "अक्का, दिवाळीला येतोय आमी तिघं. तुझ्या मांडीवर द्यायचीय भार्गवीला."

मी अक्काकडं बघितलं. पेन हातात, वही कोरी.

"अक्का? ऐकू येतंय न्हवं? अक्का, बोल की गं."