सुशीचा पदर आणि पन्हाळ्याचा कडा

पोरींनो, आत्ताच घरी आले. मी सांगतीया, नात टाईप करतीया.

आज मी आन् माझी लहानपणची मैत्रीण सुशी पन्हाळ्यावर गेलतो. नातीचा डिजिटल कॅमेरा हातात! ढग काढले, माकडं काढली, लांबचा जोतिबाचा डोंगरबी काढला.

मग सुशी म्हणाली, "हुबी ऱ्हा, आता तुला काढते." आन् फोटोत मी मावंना म्हणून लागली की मागं मागं सरकायला. मागं कडा!

वरडले असते तर दचकून गेलीच असती. म्हणलं, "सुशे, डोक्यावरचा पदर पडलाय बघ!"

तशी जाग्यावर थांबली, पदर चाचपला. तवर मी हात धरून तिला भज्याच्या गाड्याकडं वडली.

"पदर हाय की गं डोक्यावर, भवाने!" म्हणून घरापत्तर भांडली.

कड्याचं सांगितलं तर परत गडावर यायची न्हाय. सांगू का गप बसू?