रस्त्याकडच्या भिंतीवर एक हात

नवीन जालन्यातल्या एका शाळेत मी हेडक्लार्क आहे. शाळेची रस्त्याकडची भिंत चांगली लांब आहे आणि आज ती फिक्या बदामी रंगाची आहे. तो रंग माझ्यामुळे लागला. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण गेल्या हिवाळ्यात ते तोंडातून काढायला मला अकरा दिवस लागले.

त्या भिंतीवर आधी कपाशीचं शेत होतं. म्हणजे चित्र. काही वर्षांपूर्वी लोक भिंतीला लागून लघवीला उभे राहायचे, म्हणून मी एका पेंटरला बोलावलं. वयस्कर मुसलमान माणूस, जुन्या जालन्यात राहणारा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची अर्धी जिंदगी गेलेली. फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं आणि ते बियाणे कंपन्यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर काढू लागले. मी त्यांना म्हटलं, ‘येथे लघवी करू नये’ एवढं मोठ्या अक्षरात लिहून द्या.

“सर, वो लिखा तो पब्लिक को मालूम पडता, यहीच करनेका,” चाचा म्हणाले. “मैं कुछ और निकालता.”

चार दिवस ते शिडीवर होते. पाचव्या दिवशी भिंतीवर कपाशी उभी होती. पुढची झाडं माणसाच्या उंचीची, मागची लहान होत गेलेली, आणि फुटलेली बोंडं इतकी पांढरी की डोळे आपोआप बारीक व्हायचे. खाली कोपऱ्यात जागा मोकळी होती. मी विचारलं, इथे काय येणार?

“कुछ नहीं. पूरी जिंदगी बोंड निकाला, नीचे कंपनी का नाम. ये एक बिना नाम का रहने दो.”

त्यानंतर तिथे कोणी लघवीला उभं राहिलं नाही. माझ्यात मात्र एक बदल झाला. मी भिंती पाहू लागलो. अंबड रोडने गावाकडे जाताना घरांच्या, गोठ्यांच्या भिंतींवरची बोंडं मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ती कुणीतरी काढलेली आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता मी हात ओळखू लागलो. चाचांच्या बोंडाची एक पाकळी नेहमी थोडी खाली लोंबायची, वेचायची राहून गेल्यासारखी. इतरांची बोंडं लाडवासारखी गोल. क्लासेसच्या जाहिराती, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, पोरांनी कोळशाने लिहिलेली जोडनावं, सगळं मी मोटारसायकल हळू करून वाचायचो. अक्षराची सावली एकाच बाजूला पडली पाहिजे, हे मला चाचांनी शिकवलं होतं. “सूरज एकच है ना, सर?” रोज सकाळी शाळेत शिरण्याआधी मी त्या भिंतीसमोर मिनिटभर थांबायचो. घरी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

डिसेंबरात गॅदरिंग होतं. मुख्याध्यापकांनी शाळा रंगवून घ्यायला सांगितलं, मी एका रंगाऱ्याला काम दिलं आणि शनिवारी नात्यातल्या साखरपुड्याला गावी निघालो. वडीगोद्रीला चहाला थांबलो होतो तेव्हा रंगाऱ्याचा फोन आला. हायवेवरून ट्रक जात होते, बायको रिक्षात बसून हाक मारत होती.

“सर, आतलं सगळं झालं. रस्त्याकडच्या भिंतीचं काय करू?”

“तिच्यावर नुसता एक हात फिरवा,” मी म्हणालो.

माझ्या मनात होतं: धूळ पुसा, पोपडा निघाला असेल तिथे थोडं नीट करा. घरात आपण असंच बोलतो; निबंधावर एक हात फिरव, ताटांवर एक हात फिरव. पण रंगाऱ्यांच्या बोलण्यात हात म्हणजे रंगाचा थर. शाळेची कितीतरी रंगकामं मी पाहिली आहेत. पहिला हात, दुसरा हात हे शब्द मी स्वतः कोटेशनवर लिहिलेत.

“एका हातात झाकणार न्हाई सर. खाली लई हिरवं हे. दोन मारावे लागतील.”

“मारा मंग. बराबर करा अन् जल्दी आटपा.”

‘झाकणार न्हाई’ हे शब्द मला ऐकू आले होते. ट्रकच्या आवाजात ऐकू आले नाहीत, असं मी पुढचे किती दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. ऐकले, आणि विचार करायचा कंटाळा केला.

सोमवारी सकाळी भिंत बदामी होती. मुख्याध्यापक गेटवर उभे होते. “वा, आता शाळेसारखी शाळा दिसते,” ते म्हणाले. मी “हो सर” म्हणालो आणि आत जाऊन खुर्चीत बसलो. 

दुपारी समोरच्या टपरीवर गेलो. चहावाला माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “सर, ह्ये काय करून ठेवलं? म्हाताऱ्याला काय तोंड दाखवता आता?”

“वरून ऑर्डर आली,” मी म्हणालो.

तीनच शब्द. कुठून आले कळलं नाही, पण आल्याबरोबर बरं वाटलं. चहावाल्याने मान हलवली. ‘वर’ म्हणजे कोण, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही.

चाचा तेव्हा परभणीला मुलीकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बुधवारी त्यांचा फोन आला. “पट्टी निकली, सर. सब चकाचक दिखरा. आया तो पैले अपनी दीवार देखूंगा. कित्ते साल से धुंदली देखरा था.” मी “या, या” म्हणालो. भिंतीबद्दल बोललो नाही.

त्या दिवसापासून जेवण जाईना.  रविवारी शाळा बंद असताना ओलं फडकं आणि पॉलिश पेपर घेऊन मी भिंतीशी गेलो, खालचा एक कोपरा घासला. बदामी रंग निघाला, त्याच्यासोबत हिरवाही निघाला आणि सिमेंट दिसलं. वीतभर जागा. तिच्यासमोर मी सायकल स्टँडची बादली सरकवून ठेवली. पन्नाशी उलटलेला माणूस आपल्याच शाळेच्या भिंतीशी चोरासारखा बसला होता.

पुढच्या बुधवारी, रंगाऱ्याच्या फोननंतर अकराव्या दिवशी, चाचा आले. मी खिडकीतून पाहिलं. काळा चष्मा घातलेला, भिंतीच्या पलीकडे टपरीशी उभे. चहावाला त्यांना काहीतरी सांगत होता. मी खाली उतरलो. वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“सर, सच्ची बोलो. मेरे नाम से किसी ने शिकायत करी क्या?”

मला आधी समजलंच नाही.

“मेरेकू चहावाले ने फोन पे बताया, वरून ऑर्डर आली करके. आठ दिन हो गए. बेटी बोली, अब्बू उधर जाओ नक्को, किसी को तुम्हारा नाम खटका होगा. शाळा की दीवार है, अच्छी जगह है. मैं बोला ऐसा नहीं है, सर उधर हैं. इसीलिए फोन पे दीवार की बात निकाला. पर सर, तुम बी कुछ बोले नहीं.”

म्हणजे ज्या दिवसांत मी माझी अब्रू सांभाळत होतो, त्या दिवसांत हा माणूस परभणीत डोळ्यात थेंब घालत हे मनात घोळवत होता. मी तीन शब्द स्वतःला वाचवायला बोललो होतो. त्यांचा अर्थ चाचांच्या घरात वेगळा निघेल, हे मला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. मी याच गावात राहतो.

“ऑर्डर नव्हती,” मी म्हणालो. “कुणाची तक्रार नव्हती. मीच रंगाऱ्याला म्हणालो, एक हात फिरवा.”

 ते एकदम हसले, खोकला येईपर्यंत. “हात फिरवा? रंगारी को बोले, हात फिरवा? अरे सर! कित्ते मारे उसने?”

“दोन.”

“दो बराबर है. एक में नहीं छुपता था.”

त्यांना हलकं वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. कुणी वाईट चिंतलेलं नव्हतं, नुसता माझा मूर्खपणा होता, एवढ्यावर तो माणूस खूश होता. मला त्यांचं हसणं सोसवेना. मग ते भिंतीपाशी गेले, चष्मा काढला आणि उन्हात डोळे मिचकावत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत चालले. हसू गेलं होतं. बादली बाजूला करून त्यांनी मी घासलेली जागा पाहिली.

“ये कौन किया?”

“मी.”

“मत करना. अंदर ऑइल पेंट है, ऊपर का डिस्टेंपर दो बारिश में खुद निकलेगा. पर मेरा रंग लेके निकलेगा.”

“पुन्हा काढाल का, चाचा?”

“अब हाथ हिलता, सर.” एवढंच म्हणून ते टपरीकडे वळले. “चलो, इसको बोलो. इसने पूरी गल्ली में बताया है.”

मी चहावाल्याला सांगितलं. चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर सांगितलं. “म्हंजी वर तुम्हीच होतात व्हय?” तो म्हणाला. सगळे हसले. मी उभा राहिलो. नंतर हेच मला मुख्याध्यापकांना सांगायचं होतं.

चाचांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. “नहीं बेटा, शिकायत नहीं थी. सर की गलती थी. हौ. हौ, सच्ची.” थोडा वेळ ते ऐकत राहिले, मग फोन माझ्यापुढे धरला. “तुम बोलो. मेरे पे यकीन नहीं कररी.”

मी त्या न पाहिलेल्या बाईला माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. साखरपुडा, ट्रक, एक हात, दोन हात. सांगताना मलाच ते रचून सांगितल्यासारखं वाटू लागलं. मी थांबलो.

“किसी ने आपको ऐसा बोलने को तो नहीं बोला ना?” तिने विचारलं.

“नहीं बेटी.”

 मागे कुकरची शिटी झाली.

“ठीक है,” ती म्हणाली. “अब्बू को बोलो, दिन रहते परभणी की गाडी में बैठ जाएँ.”