आम्ही उठलो नाही

मार्चमध्ये मराठीच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. कॉलेजच्या वार्षिक अंकाचे ते संपादक होते. सरत्या वर्षाबद्दल एका विद्यार्थ्याचा लेख हवा आहे, तू खेळतेस, वाचतेस, अक्षरही बरं आहे, तूच लिही, असं म्हणाले. काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मनमोकळं लिही. आयुष्य, राजकारण, खेळ, जे वाटलं ते." मी त्यांचा शब्द खरा धरला. माझी चूक झाली असेल तर एवढीच.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही भिंगारला राहायचो. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून होते आणि मी सायकलवरून नगरला कॉलेजात यायचे. त्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच मुलींचा खो-खोचा संघ उभा राहिला. उभा राहिला म्हणजे आम्हीच केला. पी.टी.च्या सरांनी आधी सांगितलं होतं की मुली पावसाळ्यापुरत्या येतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत. आम्ही दिवाळीनंतरही दिसलो, तेव्हा त्यांनी दोन खुंट रंगवून दिले आणि मैदानाचा एक कोपरा आमच्या नावावर केला.

संघातली माझी जवळची मैत्रीण श्रीगोंद्याजवळच्या एका खेड्यातली होती. नगरला मावशीकडे राहून शिकायची. पळायला लागली की हाती लागायची नाही. मी तिच्याइतकी चपळ नव्हते, पण तोऱ्यात मात्र तिच्या पुढे होते. कप्तान मी होते आणि ते दिवसातून दोनदा कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नसे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. भिंगारमध्ये खिडक्यांना काळे कागद लागले. आमच्या आळीतल्या तीन घरांतली माणसं सीमेवर गेली आणि त्यांतल्या दोघांचीच पत्रं येत होती. कॉलेजात भाषणं होत होती, टाळ्या वाजत होत्या. मीही वाजवल्या. पण आळीत परत आले की तिसऱ्या घरातली वहिनी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली दिसायची, आणि मला सकाळच्या टाळ्यांची लाज वाटायची. जानेवारीत तिचा नवरा पायाला बँडेज बांधून परत आला. हेही मी लेखात लिहिलं होतं. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

लढाईमुळे आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने लांबले ते थेट फेब्रुवारीत गेले, आणि फेब्रुवारीत आला निवडणुकीचा प्रचार. आमच्या संस्थेच्या संचालकांपैकी एक जण विधानसभेला उभे होते. त्यांची पहिली सभा आमच्या मैदानावर झाली. मांडवाच्या खांबांसाठी पहारीने खड्डे पाडले, आणि सभा संपल्यावर खांब गेले, खड्डे राहिले. वरून कुणीतरी माती ओढल्यासारखी केली होती. दुसऱ्या दिवशी सरावाला माझ्या मैत्रिणीने खो मिळताच झेप घेतली आणि तिचा पाय त्या भुसभुशीत मातीत गेला. घोटा मोडला. सिव्हिल हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. ती रडली नाही, पण वारंवार विचारत राहिली, "आता माज्या जागी कोन खेळनार?"

कार्यालयात आम्ही अर्ज दिला. खड्डे बुजवून द्यावेत, एवढंच मागितलं होतं. शिपाई सुट्टीवर आहे, असं उत्तर आलं. मग आम्हीच घमेली आणली, ओढ्याकडची माती आणली, पाणी मारून चोपली. चार दिवस लागले. मुलं कठड्यावर बसून बघत होती. त्यांतले दोघे तिसऱ्या दिवशी उतरले आणि हात लावला, हेही सांगितलं पाहिजे.

आमच्याच मैदानावर होणाऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी कळलं की उद्या त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच उमेदवाराची मोठी सभा आहे. पी.टी.चे सर म्हणाले, पाहुण्या संघाला निरोप पाठवतो, सामना पुढे ढकलू. मी विचारलं, पुढे म्हणजे कधी? सर कार्यालयाकडे निघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्या मुलींना निरोप मिळालाच नाही. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी.ने येऊन हजर झाल्या.

तीन वाजता आम्ही फक्की टाकून रेघा आखल्या. साडेतीनला मांडवाचं सामान घेऊन ट्रक आला. आम्ही दोन्ही संघांच्या मुली त्या रेघांच्या मधोमध जाऊन बसलो. हे आधी ठरलेलं नव्हतं. माझी मैत्रीण मावसभावाच्या सायकलवर मागे बसून सामना बघायला आली होती. ती प्लास्टरचा पाय ओढत आली आणि सगळ्यांच्या पुढे, दोन खुंटांमधल्या पाटीवर, पाय लांब करून बसली. तिच्यामुळे आम्ही बसलो, असं म्हटलं तरी चालेल.

पक्षाचे एक कार्यकर्ते आले. गोड बोलत होते. म्हणाले, "पोरींनो, दोन तासांचा प्रश्न आहे. साहेब काय रोज येतात का?"

मी काहीतरी पुस्तकी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मैत्रीण बोलली. आवाज चढवला नाही.

"खड्डं बुजवायला आमाला चार दिस लागलं. तवा तुमी कुनी आला न्हाईत. आता आमी उठनार न्हाई."

ते गृहस्थ पी.टी.च्या सरांकडे गेले, सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य आले आणि त्यांनी आम्हाला नियम ऐकवले. आम्ही ऐकून घेतले आणि बसून राहिलो. बाहेर जीपवरचा कर्णा साहेब येत असल्याचं ओरडत होता आणि मांडव अजून ट्रकमध्येच होता.

उमेदवार आले. गाडीतून उतरले, सगळं एका नजरेत बघितलं, कार्यकर्त्याच्या कानात काहीतरी विचारलं आणि हसले. हुशार माणूस. सरळ आमच्याकडे आले आणि मोठ्याने म्हणाले, "आधी मुलींचा खेळ, मग आमचं भाषण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी खुर्ची आली, हार आला. फोटोग्राफर होताच.

मग आम्ही खेळलो आणि हरलो. दोन गड्यांनी हरलो. त्यातला एक गडी माझ्यामुळे गेला. प्रेक्षक बघताहेत म्हणून खुंटाजवळ नको ती हुलकावणी द्यायला गेले आणि अलगद सापडले. पाहुण्या मुली आमच्यापेक्षा चांगल्या होत्या. जाताना त्यांच्या कप्तानाने माझ्या मैत्रिणीच्या प्लास्टरवर पेनने सही केली.

चार दिवसांनी गावातल्या वर्तमानपत्रात फोटो आला. खुर्चीत साहेब, मागे आम्ही. खाली लिहिलं होतं की साहेबांच्या प्रोत्साहनामुळे मुलींचा सामना होऊ शकला. मैत्रिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "आपुन बसलो हुतो त्ये कुटं गेलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी लेख लिहिला. खड्डे लिहिले, घोटा लिहिला, चार दिवसांची माती लिहिली. साहेबांनी परवानगी दिली म्हणून नव्हे, आम्ही उठलो नाही म्हणून सामना झाला, असं स्पष्ट लिहिलं. माझ्या हुलकावणीमुळे एक गडी गेला, हेही लिहिलं. तोपर्यंत साहेब निवडून आले होते.

मराठीच्या सरांनी लेख वाचून चष्मा पुसला. भाषा चांगली आहे म्हणाले, फक्त मधले दोन परिच्छेद काढ. मी म्हटलं, ते काढले तर उरतं काय? ते म्हणाले, लढाई उरते, खेळ उरतो. मी सांगितलं, छापायचा तर सगळा छापा, नाहीतर नका छापू. दोन दिवसांनी प्राचार्यांनी माझ्या वडिलांना बोलावणं धाडलं.

वडील सरकारी माणूस. वरिष्ठांसमोर आवाज न काढण्यात त्यांची हयात गेली होती. ते कामावरूनच, खाकी कपड्यांत, सायकलवर आले. प्राचार्य बराच वेळ बोलले. मुलगी हुशार आहे, पण वळण बिघडतंय, उद्या लग्नाच्या वेळी असल्या गोष्टी आड येतात, असं सगळं. मी भिंतीशी उभी होते. आता वडील माफी मागणार, अशी माझी खात्री होती आणि तिथेच मला राग येऊ लागला होता.

वडिलांनी लेख मागितला. उभ्याउभ्याच, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, यात खोटं काय आहे तेवढं मला दाखवा. मी तिला आत्ता पाया पडायला लावतो."

प्राचार्य म्हणाले, प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही.

"मग मी तिला काय सांगू?" वडिलांनी विचारलं. आणि नमस्कार करून बाहेर पडले.

भिंगारपर्यंत आमच्या दोघांच्या सायकली शेजारी शेजारी चालल्या. घराजवळ आल्यावर वडील म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगत जा. इस्त्रीचा शर्ट घालून आलो असतो." मला राग आला होता याची तेव्हा फार शरम वाटली.

अंक एप्रिलमध्ये निघाला. माझा लेख नव्हता. त्याच्या जागी पानभर तोच फोटो होता. कॉलेज दरवर्षी देतं तो गुणवंत खेळाडूचा कप या वर्षी मुलींसाठी नाही, असंही जाहीर झालं. मैत्रीण त्याच आठवड्यात कुबडी टाकून चालायला लागली होती. आम्ही दोघी आणि संघातल्या चौघी लेडीज रूममध्ये बसलो आणि लेखाच्या प्रती हाताने लिहून काढल्या. ज्या मुलींनी आपला अंक आणून दिला, त्यांच्या अंकात त्या फोटोसमोर खळ लावून चिकटवल्या.

एक प्रत घेऊन आम्ही ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल वयस्कर होते, वर्षभरात कुणाशी चार शब्दांपलीकडे बोललेले नव्हते. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी कागद घेतला, वाचला, ग्रंथालयाचा अंक काढून त्यात तो स्वतः नीट चिकटवला. मग खणातला शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि माझ्या अक्षरातल्या त्या पानावर उमटवला.

"सुट्टं पान हरवतं," ते म्हणाले. "शिक्का असला की ते पुस्तकाचं होतं."