आडनाव कशाला विचारते?

आठवी शिकलेला धर्मराज अमेरिकेत बॉथेल गावात ट्रक चालवतो आणि "धाकट्या उपासनाला मीच शिकवलं," असं भेटेल त्याला ऐकवतो. त्या संध्याकाळी लायब्ररीत एका ग्रीक कादंबरीकार बाईंचा सत्कार होता आणि मुलाखत उपासनाने घेतली. फक्कड घेतली! नंतर धर्मराज पुस्तकावर सही घ्यायला गेला, तर बाईंनी त्याचं आडनाव विचारलं. त्याचं डोकंच सटकलं. गावाकडं आडनाव विचारून माणसाची जात काढत. आता इथंही बहिणीचा पाणउतारा होणार?

"उपासना, ही आडनाव कशाला विचारते गं?"

"दादा, पुस्तकावर पूर्ण नाव लिहायचंय त्यांना!"

"मग लिहा म्हणावं, गजभिये! उपासना गजभियेचा मोठा भाऊ!"

बाई लिहीत होत्या, तोवर तो वाकून एकेक अक्षर तपासत होता.