डिझेलची चिंधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवाभावाच्या मित्रालाही नाही. दारू सोडली तीसुद्धा याच भीतीने, की कधीतरी तोंड सुटेल. लोक समजतात, माणूस सुधारला.

वणीजवळच्या एका कोळसा धुण्याच्या कारखान्यात मी फिटर आहे. कोळसा चढावर नेणारा एक लांब बेल्ट आहे, त्याचा ब्रेक माझ्याकडे. आणि आमच्या इथला मजूर श्रावण, त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, तो याच बेल्टात. सगळे म्हणतात, चालू बेल्टात फावडं घातलं, त्याचीच चूक. आता तोही तसंच म्हणतो. खरं काय ते — थांबा, ब्रेकचं आधी सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

वीज असेपर्यंत तेलाचा दाब ब्रेकचे पॅड चकतीपासून दूर धरतो. वीज गेली की दाब ओसरतो, स्प्रिंग पॅडना चकतीवर दाबते आणि भरलेला बेल्ट चढावर जागच्या जागी थांबतो. एवढंच. फक्त त्या चकतीला तेलाचा थेंब चालत नाही. तिला पुसायचं तिच्या खास क्लीनरने आणि कोरड्या फडक्याने. मला हे माहीत नव्हतं का? नव्या माणसांना मीच तर शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. क्लीनर संपलेलं. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळं डिझेलने धुतात — बेअरिंग, नटबोल्ट, शेवटी स्वतःचे हातही. आणि मला माझ्या चकतीचा भारी तोरा, ती चमकलीच पाहिजे. चिंधी डिझेलमध्ये बुडवली आणि घासत सुटलो. एकदा मनात आलं, पॅड हे पितील. मग म्हटलं, जाईल उडून. रिकाम्या बेल्टवर ब्रेक लावून पाहिला, धरला. भरलेल्या बेल्टवर पाहायला हवा होता. पाहिला नाही. साहेबांनी चकती बघून शाबासकी दिली आणि मी — काय सांगू — फुलून गेलो.

त्याच दुपारी वीज गेली. बेल्ट थांबला. श्रावण खालच्या टोकाला सांडलेला कोळसा ओढत होता. बेल्ट बंद पडला तसा तो आत वाकला. आमच्याकडे सगळे तेच करतात, वीज गेली की टोक साफ करून घेतात. आणि ब्रेक सुटला. कोळशाने भरलेला बेल्ट उलटा घसरला. फावडं आत ओढलं गेलं, फावड्यामागे हात.

किंकाळी ऐकून सगळे त्याच्याकडे धावले. मी ब्रेककडे धावलो. ऐकताय ना? त्याला गाडीत घालून चंद्रपूरला नेत होते, तेव्हा मी डिझेल प्यालेले पॅड काढून नवे बसवत होतो, साबणाच्या पाण्याने चकती धूत होतो. चौकशीत ब्रेक ठणठणीत निघाला. म्हणजे वीज गेल्यावर बेल्ट पुरता थांबायच्या आतच त्याने हात घातला असणार, आणि चालू बेल्टात हात घालणारा निष्काळजी. मी मान डोलावली.

पण मी सांगायला बसलो ते हेही नाही.

श्रावण घरी आल्यावर मी त्याच्या तांड्यावर गेलो. बरेच दिवस तो एकच सांगत होता, बेल्ट बंद होता. कुणी ऐकत नव्हतं. त्या दिवशी त्याने मलाच विचारलं.

“भाऊ, तू तं तिथंच होता. बेल्ट बंद होता का चालू? मले तं बंदच दिसला. पण सारेच चालू म्हणून राह्यले, आता माहाच माह्यावर भरवसा नाही राह्यला.”

मी म्हणालो, “चालूच होता, श्रावण. तुह्या ध्यानात नसन राह्यलं.”

तो म्हणाला, “म्या उगाच तुह्या ब्रेकवर शक घेतला. माफ कर, भाऊ.”

हात चुकीने गेला, असं म्हणता येईल कदाचित. पण हे? हे मी शुद्धीत, त्याच्या बायकोने दिलेला चहा पीत बोललो. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मी त्याच्यापासून हिसकावून घेतलं. का? मला माझी लाज वाटते, भीती वाटते — आणि तरी रोज कामावर जातो.

त्याला आता गेटवर बसवलंय. नवी माणसं आली की साहेब त्यांना त्याच्यापुढे उभं करतात. तो बाही वर सारतो आणि सांगतो, चालू बेल्टात हात घातला म्या, मी मूर्ख, तुम्ही तसं करू नका. मागच्या आठवड्यातही सांगितलं. मी शेजारीच होतो.

बेल्ट बंद होता. त्याने नीट पाहिलं होतं. हे त्याला सोडून मी तुम्हाला सांगतोय. उद्या सकाळी तो गेटवर डावा हात उचलून मला राम राम करील, आणि मी तो घेईन.